खंडेनवमीची दुर्बीण

परभणीतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती तिपाईवर उभी होती. थिओडोलाइट, मोजणीत कोन मोजायचं यंत्र. पण त्या घरात तिला सगळे दुर्बीणच म्हणतात. नळीवर हळद-कुंकवाची बोटं, भोवती सुकायला लागलेली झेंडूची माळ, ओळंब्याच्या आकड्यात कुणीतरी खोचलेलं आपट्याचं पान. घरातले काका कालव्याच्या आखणीवर नोकरीला होते. कचेरीत निर्लेखनाचा लिलाव निघाला तेव्हा भंगाराच्या ढिगातून त्यांनी हे यंत्र स्वतःच्या पैशाने सोडवून आणलं. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. “दरवर्षी नवमीला मी स्वतः घासून काढते बघा,” काकू सांगत होत्या. “आधी चिंच, मग चुलीची बारीक राख, मग मऊ सुती फडकं. ह्यांचा लई जीव होता त्याच्यावर.” पितळ खरोखर सोन्यासारखं दिसत होतं. ओसरीतलं सकाळचं ऊन त्यावरून सरकत भिंतीवर पडत होतं. दहापटीचं भिंग वर्तुळाच्या कडेवर धरलं, आणि तिथे काही नव्हतं. नव्वदच्या आकड्यातला नऊ अर्धामुर्धा, दोनशे सत्तरचं नुसतं शून्य. रेषा एकही नाही. चांदीची पट्टी आरशासारखी गुळगुळीत.

इतक्या मायेने पुसलेली गोष्ट इतकी पूर्ण पुसली जाते, हे अजून मनातून जात नाही.

त्या पट्टीवर काय होतं ते सांगायला हवं. हे यंत्र पाच इंची, म्हणजे आडव्या वर्तुळाचा व्यास पाच इंच. पितळेच्या कडेत चांदीची अरुंद पट्टी बसवलेली असते, कारण पितळेपेक्षा चांदीवर रेष बारीक आणि स्वच्छ उमटते. प्रत्येक अंशाचे तीन भाग, म्हणजे वीस-वीस मिनिटांची एक रेष. सबंध वर्तुळावर अशा 1080 रेषा, दोन रेषांमधलं अंतर जेमतेम 0.37 मिलिमीटर. तिला लागून वर्निअरची छोटी पट्टी. मुख्य पट्टीवरचे 59 भाग घेऊन त्यांचे 60 केलेले, त्यामुळे तिथला प्रत्येक भाग वीस सेकंदांनी तोकडा. भिंगातून पाहायचं, की वर्निअरची कोणती रेष खालच्या रेषेशी तंतोतंत जुळते. तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्याच चुकलेल्या दिसल्या, तर वाचन बरोबर. जुळलेल्या रेषेचा क्रमांक गुणिले वीस सेकंद. पंचांगाच्या भाषेत अंश, कला, विकला. इथे वीस विकला. या त्रिज्येवर वीस सेकंद म्हणजे सहा मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. अशा रेषा हाताने आखता येत नाहीत. 1770च्या दशकात लंडनच्या जेसी रॅम्सडेनने वर्तुळ विभागायचं यंत्र बनवलं, त्यात 45 इंची चाकाला 2160 दाते होते आणि त्यात अडकलेला स्क्रू एक फेरा फिरला की चाक नेमकं दहा मिनिटं सरकायचं. तोवर एकेक वर्तुळ विभागायला निष्णात कारागिराचे कितीतरी दिवस जात. पुढे दीडशे वर्षं जगभरच्या अशा चांदीच्या पट्ट्यांवर त्याच कल्पनेची यंत्रं रेषा ओढत राहिली. एवढ्या खटपटीने आलेली रेष खोल किती, तर राखेच्या दहा-पंधरा नवम्या पुरतील एवढी.

चिंचेने फक्त काळेपणा जातो. रेष जाते ती राखेने. राखेत वाळूचे बारीक कण असतात आणि चांदी मऊ.

या यंत्राबद्दल सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते, की ते स्वतःला बिनचूक समजत नाही. वापरायची सगळी रीत या गृहीतावर उभी आहे, की यंत्र थोडं वाकडं आहेच. वर्तुळाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य कधीच नेमका एक नसतो. म्हणून समोरासमोर दोन वर्निअर, ए आणि बी, एकमेकांपासून 180 अंशांवर. मध्य सरकलेला असेल तर एकीकडे वाचन जेवढं वाढतं तेवढंच दुसरीकडे घटतं, आणि दोन्हींची सरासरी घेतली की चूक उरत नाही. जुनं यंत्र हाती आलं की पहिली परीक्षा हीच घ्यावी. ए शून्यावर लावायचा, बी वाचायचा, मग दर तीस अंशांनी पुढे जात दोन्हींतला फरक वहीत लिहायचा. फरक सगळीकडे सारखा आला, समजा वीस सेकंद, तर वर्निअर नेमके समोरासमोर बसलेले नाहीत एवढंच, काळजी नको. फरक हळूहळू वाढत जाऊन परत घटत शून्यावर आला, तर मध्य हललेला आहे. तरीही सरासरी चालते. फरक कसाही, कुठेही उड्या मारत असेल, तेव्हा मात्र रेषांनाच इजा झाली आहे किंवा अक्ष खिळखिळा आहे. दुर्बिणीची नजर तिच्या आडव्या अक्षाला काटकोनात नसणं ही दुसरी चूक, आणि तो आडवा अक्ष एका बाजूला किंचित खाली असणं ही तिसरी. या दोन्हींवर एकच उतारा. उभं वर्तुळ डाव्या हाताला ठेवून कोन मोजायचा, मग दुर्बीण उलटी पालथी करून, यंत्र अर्धा फेरा फिरवून, वर्तुळ उजव्या हाताला घेऊन तोच कोन पुन्हा. फेस लेफ्टला 48 अंश 17 मिनिटं 20 सेकंद, फेस राईटला 48 अंश 18 मिनिटं. तर कोन 48 अंश 17 मिनिटं 40 सेकंद. शेवटी रेषा आखतानाच राहिलेली चूक. तिच्यासाठी दर वेळी वर्तुळाचा वेगळा भाग वापरायचा, सुरुवात कधी शून्यावरून, कधी 60वरून, कधी 120वरून.

एक चूक मात्र अशी आहे की तिला ही रीत लागू पडत नाही. यंत्राचा उभा अक्षच कललेला असेल तर फेस कितीही बदला, तो कल दोन्ही वेळा तसाच राहतो. त्याचा परिणाम सपाट रानात जाणवत नाही, पण नजर वर जाऊ लागली की वाढतो. अक्ष एक मिनिट कलला असेल आणि खूण तीस अंश उंचावर, तर वाचनात पस्तीस सेकंदांपर्यंत फरक. देवगिरीच्या पायथ्याशी यंत्र लावून माथ्यावरची खूण धरणाऱ्याला हे विसरून चालत नाही. म्हणून पाणसळ जिवापाड सांभाळायची. बुडबुड्याची नळी यंत्राच्या बुडाशी असलेल्या तीनपैकी दोन फूट-स्क्रूंना समांतर ठेवायची आणि दोन्ही स्क्रू एकदम, अंगठे दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर असे फिरवायचे. डावा अंगठा जिकडे फिरेल तिकडे बुडबुडा जातो. मग पाव फेरा फिरवून तिसऱ्या स्क्रूने मध्यावर आणायचा. असं दोन-तीनदा. आणि मग अर्धा फेरा. बुडबुडा मध्यावरच राहिला तर ठीक. चार घरं सरकला, तर दोन घरं फूट-स्क्रूने आणि उरलेली दोन नळीच्या टोकाच्या भोकाच्या स्क्रूने, बारीक पोलादी पिन घालून. नवशिके चारही घरं पिनेने ओढतात, मग दिवसभर चुकीच्या बुडबुड्यावर बिनधास्त काम चालतं.

काकूंच्या यंत्राची पाणसळ धड होती. नळीत बुडबुडा होता, मधोमध यायला तयार होता.

चुकांशी असं घर करून राहण्याची सगळ्यात मोठी कहाणी आपल्या उंबऱ्यावरून गेलेली आहे. 78 रेखांश मराठवाड्याच्या पूर्व टोकाला, माहूर आणि किनवट यांच्या मधून जातो. ब्रिटिश सैन्यातल्या विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ पाया, म्हणजे त्रिकोण जिच्यावर उभे करायचे ती जमिनीवरची रेघ, मोजून सुरू केलेलं मोजणीचं काम पुढे याच रेखांशाच्या आजूबाजूने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकलं. 1815 मध्ये बिदरजवळ, म्हणजे उदगीर-देगलूरच्या शेजारी, आणखी एक पाया मोजला गेला. लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटला वारला, काम चालू असतानाच. त्याचं थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवलेलं, वर्तुळ तीन फुटांचं, वजन अर्धा टन. 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि ते मोठं वर्तुळ वेडंवाकडं झालं. विलायतेहून नवं यायला वर्षं लागली असती. लॅम्बटनने तंबूत बसून फळ्यांवर मूळ मापाचं वर्तुळ आखलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून धातू तसूतसूने ओढत पुन्हा त्या आखणीवर आणला. सहा आठवडे लागले. ते यंत्र पुढेही कामावर राहिलं. असं ओढूनताणून सरळ केलेलं वर्तुळ अचूक कसं असेल? ते अचूक नव्हतंच. पण त्यावरच्या रेषा शाबूत होत्या, आणि वेगवेगळ्या भागांवर पुन्हापुन्हा वाचन घेऊन सरासरी काढली की वाकडेपणा बराचसा आपसात फिटत होता. नंतर याच सर्वेक्षणाच्या यंत्रशाळेत अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्या हातांनी अशी यंत्रं दुरुस्त होत राहिली, आणि बॅरो या इंग्रज कारागिरानंतर त्यांच्याकडेच ते काम आलं.

आदळलेलं वर्तुळ वाचलं. घासलेलं वाचत नाही.

परभणीच्या यंत्राने जे काम केलं असेल त्याची कल्पना करणं अवघड नाही. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, पैठणपासून जालना-परभणीकडे येणारा, आणि असा कालवा सरळ क्वचितच जातो. प्रत्येक वळणावर कोन लावून खुंट्या ठोकाव्या लागतात. त्रिज्या 300 मीटर आणि दर 20 मीटरला एक खुंटी, तर वळणाआधीच्या सरळ रेषेपासून पहिल्या खुंटीचा कोन 1 अंश 54 मिनिटं 35.5 सेकंद. वीस सेकंदांच्या यंत्रावर तो 1-54-40 लावायचा. फरक चारेक सेकंद, वीस मीटरवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पण इथे एक सापळा आहे. दर खुंटीला 1-54-40 मिळवत गेलं तर पाचव्या खुंटीला 9-33-20 येतात, आणि खरा कोन 9-32-58. म्हणून आधी पूर्ण कोनांची बेरीज कागदावर करायची आणि मग प्रत्येक बेरीज जवळच्या वीस सेकंदांवर आणायची, पाचव्याला 9-33-00. त्यात काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि तिच्यात ठोकलेली खुंटी दोन ऋतूंत जागा सोडते. पक्की खूण हवी तर मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन काँक्रीट ओतावं लागतं. तिपाईचे पायही त्या मातीत हळूहळू खचतात, म्हणून प्रत्येक पायावर भार देऊन तो आधीच रोवायचा आणि वाचताना यंत्राभोवती येरझाऱ्या घालायच्या नाहीत. वैशाखात सकाळी नऊ-साडेनऊनंतर दुर्बिणीत निशाणाची काठी सापासारखी वळवळायला लागते. जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्या झळांतून गेलेली नजर विश्वासाची नाही. खलाशाच्या, म्हणजे मोजणीवरच्या गड्याच्या, हातातली काळी छत्री माणसासाठी नसायची, यंत्रासाठी असायची. एका बाजूने ऊन लागलं की बुडबुडा तापलेल्या टोकाकडे सरकतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं यंत्रच कललं.

दुर्बिणीतून पाहिलं तर समोरची चिंच उलटी दिसली. जुन्या यंत्रांत प्रतिमा सरळ करणारी भिंगं घालत नसत, कारण प्रत्येक जादा भिंग थोडा उजेड खातं. बुंधा वर, शेंडा खाली, एक कावळा आभाळाला लटकलेला. मधोमध आडवा-उभा धागा. हा धागा कोळ्याचा. खरोखरच्या कोळ्याचा. तारेच्या चिमट्यावर कोळी सोडायचा, तो खाली उतरताना सोडलेला तंतू चिमटा फिरवत गुंडाळून घ्यायचा. मग तंतू पाण्याने भिजवायचा, पितळी कडीवरच्या बारीक खाचांत ताणून बसवायचा आणि दोन्ही टोकांना चपड्याचा ठिपका. भिजवायचं कारण असं, की दमट हवेत तंतू लांबतो. कोरडाच ताणून बसवला तर पावसाळ्यात झोळी होतो. इथला आडवा धागा किंचित झोळ झालेला होता, उभा ताठ. डोळ्याकडचं भिंग फिरवून आधी धागे काळे आणि स्पष्ट करायचे, मग दूरची खूण स्पष्ट करायची, आणि डोळा वर-खाली हलवून पाहायचं. धागा खुणेवरून सरकला तर अजून जुळलेलं नाही. चिंचेच्या फांदीवर तो सरकला नाही. काकांनी शेवटी कधी जुळवलं असेल ते तसंच होतं, कदाचित.

पुढे चांदीच्या पट्ट्यांची जागा काचेने घेतली. 1921 मध्ये स्वित्झर्लंडच्या हेअरब्रुगला हाइनरिश विल्डची कंपनी सुरू झाली आणि तिच्या टी-2 यंत्रात काचेचं वर्तुळ आलं, व्यास साधारण नऊ सेंटीमीटर. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या रेषा प्रिझमने एकाच खिडकीत आणून एकमेकींसमोर भिडवायच्या. म्हणजे ए आणि बीची सरासरी यंत्रच करतं. एक सेकंद वाचता येतो, म्हणजे त्या वर्तुळावर मायक्रॉनच्या पावभागाहूनही कमी. ही यंत्रं बंद पेटीसारखी, त्यामुळे राख आत पोचत नाही. त्यांचे आजार वेगळे. ग्रीस वाळून अक्ष घट्ट होतो. जोर लावला तर घडी कायमची बिघडते. पावसाळाभर चामडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडून ठेवलं तर भिंगांवर बुरशीची जाळी धरते, आणि ती काचेवरचा लेपही खाते. कोकणापेक्षा इकडे ते कमी, पण ऑगस्ट-सप्टेंबरला सिलिका जेलची पुडी बदलायला हवीच.

चांदीच्या पट्टीचं खरं निगराणीचं काम अगदी थोडं आहे. रबरी फुग्याने धूळ उडवायची, मऊ कुंचला फिरवायचा. मळ चिकटला असेल तर मलमलीवर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, हलक्या हाताने, आणि मग कोरडी मलमल. चांदी काळवंडली तर काळवंडू द्यायची. रेषा फिकट वाटल्या तर जुने कारागीर दिव्याची काजळी तेलात कालवून रेषांत भरत आणि वरची पुसून घेत; काळी रेष पांढऱ्या चांदीवर पुन्हा उठून येते. पितळेवरचा लाखेचा पातळ लेपही खरवडायचा नसतो, तोच गंज अडवतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आणि तंत्रनिकेतनांच्या कपाटांत अशी यंत्रं पडून असणार, आणि दर खंडेनवमीला कुणीतरी त्यांना चकाकी आणत असणार. म्हणून हे लिहिलं.

काकूंना सगळं सांगणं जमत नव्हतं. तरी त्यांनीच विचारलं, “मग पुजायचंच नाही का?” पुजा, म्हटलं, कुंकू लाकडी पेटीला लावा, माळ तिपाईला घाला, पितळेला फक्त कोरडं फडकं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतून पेटी घेऊन आल्या, सागवानी, आतल्या बाजूला हिरवा बनातीचा तुकडा. झाकणाच्या आत खळीने चिकटवलेला पिवळा कागद होता, निळ्या शाईत बारीक मराठी आकडे. शून्य, तीस, साठ, नव्वद, अशा बारा ओळी, प्रत्येकीपुढे ए आणि बीमधला फरक. खाली अक्षर थोडं मोठं: “बी वर्निअर सगळीकडे 20 सेकंद जास्त. सरासरी घेणे.” काकूंनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, आणि विचारलं की वीस सेकंद म्हणजे घड्याळातले का.